माल्बोर्कचा किल्ला: सारखे विचारले जाणारे प्रश्न, एकदाच लिहून ठेवलेली उत्तरं

आम्ही ग्दान्स्कला राहायला आल्यापासून घरी जो पाहुणा येतो त्याला माल्बोर्क दाखवायला न्यायचं हे ठरलेलंच आहे, आणि दर वेळी ट्रेनमध्ये तेच प्रश्न, किल्ल्यात तेच प्रश्न, परत येताना त्यातलेच दोन-तीन परत. म्हणून म्हटलं लिहूनच काढू. मी इतिहासाचा माणूस नाही, आयटीतला आहे, पण सात-आठ वेळा जाऊन आणि मधल्या काळात बरंच वाचून जे पक्कं कळलंय तेवढंच इथं लिहिलंय.

माल्बोर्क म्हणजे नक्की काय आणि आहे कुठं?

उत्तर पोलंडमधलं एक छोटं गाव. ग्दान्स्कपासून साधारण साठ किलोमीटर, नोगात नदीच्या काठावर. नोगात म्हणजे विस्तुला नदी समुद्राला मिळायच्या आधी फुटते त्यातली एक शाखा. गावात बघण्यासारखी गोष्ट एकच, पण ती एवढी मोठी आहे की गावच तिच्या कडेला वसल्यासारखं वाटतं. क्षेत्रफळाच्या हिशेबानं हा जगातला सगळ्यात मोठा किल्ला धरतात, आतबाहेरचं सगळं मिळून वीसेक हेक्टर, म्हणजे पन्नास एकरांच्या आसपास. आणि सगळा विटांचा.

हा कुठल्या राजाचा किल्ला?

बांधला तेव्हा कुठल्याच राजाचा नव्हता आणि इथंच सगळ्यांचा गोंधळ होतो. हा बांधला ट्युटॉनिक ऑर्डरनं. ऑर्डर म्हणजे ख्रिस्ती संन्याशांचा संघ, पण हे संन्यासी तलवार बाळगणारे. लग्न करायचं नाही, स्वतःची मालमत्ता ठेवायची नाही, दिवसातून ठरलेल्या वेळी प्रार्थना, आणि उरलेल्या वेळात लढाई. अंगावर पांढरा झगा, त्यावर काळा क्रॉस. आपल्याकडचे आखाड्यातले नागा साधू डोळ्यासमोर आणा आणि त्यांना एक अख्खं राज्य, टांकसाळ आणि वकिलाती देऊन टाका, साधारण तसं.

सुरुवात मात्र अगदी साधी होती. ११९० मध्ये, क्रुसेडच्या, म्हणजे जेरुसलेमसाठी चाललेल्या ख्रिस्ती धर्मयुद्धांच्या धामधुमीत, आजच्या इस्राएलमधल्या एकर बंदराच्या वेढ्यात जर्मन व्यापाऱ्यांनी जखमींसाठी एक हॉस्पिटल काढलं. आठ वर्षांत त्याचा लष्करी संघ झाला. पवित्र भूमीतलं राज्य हातातून जायला लागलं तसं हे लोक दुसरीकडे काम शोधायला लागले.

पण मग जर्मन लोक इथं कसे काय आले?

बोलावले म्हणून आले! माझोव्हिया म्हणजे पोलंडचाच एक प्रांत, तिथला ड्यूक कोनराड याला उत्तरेकडच्या प्रशियन टोळ्यांचा त्रास होता. हे मूळ प्रशियन म्हणजे जर्मन नव्हेत हां, बाल्टिक भाषा बोलणारे, ख्रिस्ती न झालेले लोक. त्यांचा बंदोबस्त करायला त्यानं १२२६ मध्ये ऑर्डरला निमंत्रण दिलं. ऑर्डर आली, पुढच्या पन्नासेक वर्षांत प्रशियन लोकांना चेपून टाकलं आणि त्यांची जमीन स्वतःच ठेवून घेतली. त्या लोकांची भाषा पुढं पार नामशेष झाली आणि नाव तेवढं उरलं, तेही जिंकणाऱ्यांनी लावून घेतलं. पाहुण्याला घरात घेतलं आणि घरच गेलं, त्यातला प्रकार. पोलंडच्या शाळांत हे अजूनही याच सुरात शिकवतात असं माझे ऑफिसातले लोक सांगतात.

किल्ल्याचं काम १२७० च्या दशकात सुरू झालं, १२८० मध्ये ऑर्डरचा मठ इथं हलवला. तेव्हा तो अनेक ठाण्यांपैकी एक होता. पण १३०९ मध्ये ग्रँड मास्टर, म्हणजे संघाचा मुख्य, झिगफ्रिड फॉन फॉइश्टवांगन यानं व्हेनिसमधलं मुख्यालय इथं आणलं आणि मग बांधकामाला जे उधाण आलं ते जवळजवळ शंभर वर्षं चाललं. नाव मारिएनबुर्ग, म्हणजे मेरीचा किल्ला. ते पोलिश जिभेवर घासून घासून माल्बोर्क झालं.

एवढ्या विटा कशाला? दगड नव्हता का?

नव्हता. आपल्याला हे पटतच नाही कारण आपल्या डोक्यात गड म्हटलं की डोंगर आणि काळा पाषाण. इथं सपाट दलदलीचा मुलूख, क्षितिजापर्यंत एक टेकाड नाही. दगड म्हणजे हिमयुगात बर्फानं ढकलत आणून टाकलेले गोटे, तेवढेच. ते पायात घातलेत. वर सगळी वीट, कारण चिकणमाती आणि भट्टीला लाकूड पाहिजे तेवढं. ग्रॅनाइटचे खांब काही दालनांत आहेत पण ते मुद्दाम मिरवायला ठेवल्यासारखे.

वीट आपल्या विटेपेक्षा बरीच मोठी, लांबी तीस सेंटिमीटरच्या आसपास. रचना बघा: जुन्यातल्या जुन्या भिंतीत दोन विटा लांबीनं, मग एक तोंडानं, परत दोन लांबीनं. नंतरच्या भिंतीत एक लांबीनं, एक तोंडानं. म्हणजे भिंत कुठल्या काळातली ते विटांच्या ओळीवरून अंदाजानं सांगता येतं, आणि हे एकदा कळलं की किल्ला बघायची मजाच बदलते.

मध्येच भिंतीवर शंकरपाळ्यांसारखी काळपट नक्षी दिसेल. तो रंग नाही. भट्टीत आगीच्या अगदी जवळ राहून जास्त भाजलेल्या, काचेसारखी चकाकी आलेल्या विटा आहेत त्या, ज्याला आपले वीटभट्टीवाले खंगर म्हणतात. आपल्याकडे खंगर वीट बाजूला काढतात, पायाभरणीला वगैरे टाकतात. यांनी तीच दर्शनी भिंतीत डिझाइन करून बसवली. मला तरी हे फार आवडतं.

तीन किल्ले आहेत म्हणतात, म्हणजे काय?

एकापुढे एक असे तीन भाग आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचा खंदक, तट आणि उचलता पूल.

सगळ्यात बाहेरचा खालचा किल्ला: घोड्यांचे तबेले, धान्याची कोठारं, तोफा-गाड्यांचं शस्त्रागार, ओतकाम, नोकरचाकर. इथं घाईत सगळे सरळ पुढं निघून जातात. जाऊ दे.

मग मधला किल्ला. १३०९ नंतर आधीच्या बाहेरच्या आवाराचंच रूपांतर करून हा बांधला. ग्रँड मास्टरचा महाल, पाहुण्यांच्या खोल्या, म्हाताऱ्या आणि आजारी नाइट्ससाठी दवाखाना, आणि मोठी रेफेक्टरी, म्हणजे मेजवानीचं दालन. युरोपभरचे सरदार इथं एखादा हंगाम 'धर्मयुद्ध' करायला यायचे, लिथुएनियावर स्वारी, मग मेजवानी, मग घरी जाऊन बढाया. इंग्लंडचा पुढं चौथा हेन्री झाला तो हेन्री बोलिंगब्रोकसुद्धा १३९० मध्ये या मुलखात असाच मोहिमेला आला होता. आणि गंमत म्हणजे लिथुएनियाच्या राजानं तोवर चार वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेऊन झाला होता! पण दुकान चालू ठेवायचं होतं ना.

आत सगळ्यात उंच, चौकोनी वाड्यासारखा तो वरचा किल्ला, म्हणजे बालेकिल्लाच म्हणा. हा खरा मठ. मधे चौक, चारी बाजूंनी कमानींची पडवी, चौकात विहीर. विहिरीच्या छपरावर एक पेलिकन पक्षी चोचीनं स्वतःची छाती फोडून पिल्लांना रक्त पाजतोय, ख्रिस्ताच्या बलिदानाचं प्रतीक म्हणे. वाडा संस्कृतीतल्या माणसाला हा चौक लगेच ओळखीचा वाटतो, माझी आई तर तिथं पायरीवर बसलीच, म्हणाली आता तुम्ही फिरून या. वरच्या मजल्यावर सामायिक निजायची दालनं, खाली स्वयंपाकघर आणि खजिना, एका बाजूला सभेचं दालन आणि त्याला लागून मेरीचं चर्च. चर्चच्या खाली सेंट ॲनचं छोटं देऊळ आहे, ग्रँड मास्टरांना तिथं पुरायचे.

चर्चच्या दारावर थांबा. त्याला सोनेरी दरवाजा म्हणतात, तेराव्या शतकातला, भाजल्या मातीच्या मूर्तींनी भरलेला. बायबलमधल्या शहाण्या आणि मूर्ख कुमारिकांच्या मूर्ती आहेत. ज्यांनी दिव्यात तेल राखून ठेवलं त्या हसतायत आणि ज्यांचं संपलं त्यांची तोंडं उतरलीत. १९४५ मध्ये चर्च जवळजवळ पूर्ण कोसळलं तरी हा दरवाजा वाचला.

एका खांबावरचं दालन ते कुठलं?

ग्रँड मास्टरच्या महालातलं, उन्हाळी रेफेक्टरी. महाल चौदाव्या शतकाच्या शेवटी पुरा झाला, तेव्हा ऑर्डर पैशानं आणि माजानं दोन्हीनं शिखरावर होती आणि ते दिसतं. भलंमोठं चौरस दालन, मधोमध ग्रॅनाइटचा एकच सडपातळ खांब आणि त्याच्या टोकाकडून छताच्या फासळ्या माडाच्या झावळ्यांसारख्या चहूकडे फुटलेल्या. तीन बाजूंनी खिडक्यांच्या दोन-दोन ओळी. किल्ल्यात एवढ्या खिडक्या कोण ठेवतं? ज्याला वाटतं की आपल्यापर्यंत शत्रू पोचणारच नाही, तो.

पोचला तो १४१० मध्ये. त्याची गोष्ट अशी सांगतात की वेढा चालू असताना ऑर्डरचे सगळे सरदार याच दालनात बसले होते, आतल्या एका फितुरानं खिडकीत लाल टोपी ठेवून पोलिश गोलंदाजांना खूण केली. बेत असा की गोळा थेट खांबाला लागला पाहिजे, म्हणजे छत सगळ्यांच्या डोक्यावर. गोळा थोडक्यात चुकला आणि शेकोटीच्या वर भिंतीत जाऊन बसला. तो गोळा आजही दाखवतात. फितुराची गोष्ट दंतकथा आहे पण खांबाकडे बघितलं की पटतं, की हो, हा एक गेला असता तर सगळंच आलं असतं खाली.

या लोकांना थंडी कशी सोसायची? हीटर कुठं होते?

होते! आणि माझ्या मते किल्ल्यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे, खांबबिंब नंतर. तळघरात भट्टी आणि भट्टीच्या वर गोट्यांची रास रचलेली. लाकडं जाळून ते गोटे लालभडक तापवायचे, धूर धुराड्यातून जाऊ द्यायचा, मग आग विझवायची, धुराडं बंद करायचं आणि वरच्या दालनातल्या फरशीतली झाकणं काढायची. गोट्यांवरून येणारी गरम हवा वर. धूर नाही, राख नाही, आणि गोटे कितीतरी वेळ गरम राहतात. फरशीत ती गोल भोकं आजही दिसतात. आईनं एकावर हात धरून बघितला, गार होतं अर्थात, पण म्हणाली आपल्या बंबासारखंच की, विस्तव गेला तरी पाणी गरम. बरोबर आहे.

संडास?

हा प्रश्न लहान मुलं मोठ्यानं विचारतात आणि मोठी माणसं हळूच. वरच्या किल्ल्याच्या कोपऱ्यातून एक लांबलचक बंदिस्त बोळ निघतो, खाली कमानी, आणि टोकाला एक वेगळाच बुरूज. त्याला ग्दानिस्को म्हणतात. तोच संडास, खाली खंदक. वास लांब राहतो, आणि अगदीच वेळ आली तर शेवटचा आसरा घ्यायचा बुरूज म्हणूनही उपयोगी. बोळाच्या तोंडाशी एक छोटा सैतान कोरलाय तो रस्ता दाखवतो. कागदाच्या जागी कोबीची पानं वापरायचे असं गाइड लोक सांगतात आणि प्रत्येक ग्रुप त्यावर हसतो, पोलिश असो की मराठी.

एवढं बांधायला पैसा कुठून आला?

विस्तुलेवरून धान्य आणि लाकूड पश्चिमेकडे जायचं, त्या व्यापारावर ऑर्डरचा हात. शिवाय अंबर. बाल्टिक किनाऱ्यावर समुद्र जे पिवळं जीवाश्म राळ आणून टाकतो ते, आणि त्यावर ऑर्डरची पूर्ण मक्तेदारी. किनाऱ्यावर सापडलेला तुकडा स्वतःकडे ठेवणं हा गुन्हा. तो माल ब्रुझ आणि ल्युबेकच्या कारागिरांकडे जाऊन त्याच्या जपमाळा व्हायच्या. किल्ल्यात अंबरचं वेगळं प्रदर्शन आहे, बायकांना तिथून बाहेर काढायला वेळ लागतो असं मी लिहिलं असतं पण खरं सांगायचं तर तिथं सगळ्यात जास्त वेळ माझे मेव्हणे रेंगाळले होते.

हा किल्ला कधी पडला का?

१५ जुलै १४१० ला ग्रुनवाल्डच्या मैदानात पोलंडचा राजा यागिएल्लो आणि त्याचा चुलतभाऊ, लिथुएनियाचा विटाउटस, यांनी मिळून ऑर्डरची दाणादाण उडवली. ग्रँड मास्टर उलरिश फॉन युंगिंगन रणातच पडला. माल्बोर्क जवळपास रिकामा होता. पण जिंकलेलं सैन्य सावकाश आलं, आणि तेवढ्या वेळात हाइनरिश फॉन प्लाउएन नावाचा एक दुय्यम अधिकारी मिळतील ती माणसं घेऊन आधी पोचला. त्यानं पहिलं काम काय केलं, तर तटाबाहेरचं स्वतःचंच गाव जाळून टाकलं, वेढा घालणाऱ्यांना आडोसा मिळू नये म्हणून. लोकांना आत घेतलं. जुलैच्या शेवटापासून १९ सप्टेंबरपर्यंत वेढा चालला आणि शेवटी यागिएल्लो परत फिरला. त्या सैन्यात रोगराई, वैरण संपत आलेली, लिथुएनियाचे लोक आधीच निघालेले.

म्हणजे लढून नाही पडला.

मग विकला म्हणतात ते काय?

हां, ही खरी गोष्ट. १४११ च्या तहात ऑर्डरच्या गळ्यात चांदीची प्रचंड खंडणी पडली. ती भरायला कर वाढवले, करांनी वैतागून त्यांच्याच शहरांनी आणि जमीनदारांनी १४४० मध्ये एकजूट केली आणि १४५४ मध्ये उघड बंड करून पोलंडच्या राजाला हाक मारली. तेरा वर्षांचं युद्ध सुरू झालं. ऑर्डरकडे स्वतःची माणसं कमी, म्हणून भाडोत्री सैन्य, बरंचसं बोहेमियाचं. पगाराला पैसे नाहीत. मग ऑर्डरनं काय केलं तर सैनिकांना तारण म्हणून आपले किल्लेच लिहून दिले, त्यात माल्बोर्कही. पगार थकला तो थकलाच. १४५७ मध्ये त्या सैनिकांच्या म्होरक्यानं, उलरिश चेर्वोन्का नाव त्याचं, किल्ला पोलंडच्या राजाला, काझिमिएझ चौथ्याला, एक लाख नव्वद हजार फ्लोरिनला विकून टाकला. यातला मोठा वाटा ग्दान्स्क शहरानं उचलला. राजा जूनमध्ये आरामात दरवाजातून आत आला आणि ग्रँड मास्टरला मुकाट्यानं केनिग्सबर्गचा रस्ता धरावा लागला. जगातला सगळ्यात भक्कम किल्ला, आणि गेला कशानं तर थकलेल्या पगारानं. मी हे ऑफिसात सांगितलं तेव्हा एचआरवाली बाई सोडून सगळे हसले.

आणि याच्या पुढचा भाग कोणी सांगत नाही. किल्ला राजाकडे गेला पण शेजारच्या गावाचा महापौर बार्टोलोमेउस ब्लूमे यानं काही महिन्यांतच ऑर्डरच्या लोकांना गावाची वेस उघडून दिली. मग जवळजवळ तीन वर्षं किल्ला पोलंडचा आणि त्याला चिकटलेलं गाव ऑर्डरचं, एकमेकांवर तोफा रोखून! १४६० मध्ये गाव पडलं आणि ब्लूमेचा शिरच्छेद झाला.

पोलंडच्या राजांनी मग काय केलं?

१७७२ पर्यंत, म्हणजे तीनशेच्या वर वर्षं, वापरला. ग्दान्स्कला जाताना मुक्काम, शस्त्रागार, अधिकाऱ्यांची घरं. सतराव्या शतकात स्वीडननं दोनदा घेतला. या तीनशे वर्षांबद्दल किल्ल्यात फार कमी दिसतं आणि ते का, ते पुढच्या उत्तरात.

खरं सांगा, हे ओरिजिनल आहे का?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि उत्तर हो किंवा नाही असं नाही देता येत.

१७७२ ला पोलंडची पहिली फाळणी झाली, किल्ला प्रशियाकडे गेला. त्यांना तो अडगळ वाटली. मोठ्या रेफेक्टरीत सैनिकांची कवायत, महालात मजले-भिंती घालून विणकर बसवले. १८०१ पासून वरच्या किल्ल्यातली कमानदार छतं फोडून तिथं लष्करी कोठारं केली. चांगली पाचशे वर्षांची छतं, धान्याची पोती ठेवायला! मधल्या काळात फ्रीडरिश गिली नावाचा एक तरुण वास्तुविशारद बापाबरोबर पाहणीला आला होता, बाप सरकारी इंजिनिअर. पोरानं १७९४ मध्ये किल्ल्याची चित्रं काढली, ती बर्लिनला प्रदर्शनात लागली, छापून आली, लोकांत बोंबाबोंब झाली आणि १८०४ मध्ये राजानं मोडतोड थांबवायचा हुकूम काढला. म्हणजे बापाच्या पाहणीतून मोडायची तयारी आणि पोराच्या चित्रांतून वाचवायची.

मग १८१७ पासून डागडुजी, सुरुवातीला हौशी आणि मनाला येईल तशी. १८८२ ला कोनराड श्टाइनब्रेश्ट आला आणि त्यानं पुढची चाळीस वर्षं, १९२२ पर्यंत, याच एका किल्ल्यावर काढली. इतर किल्ले मोजून, ढिगारे चाळून, मूळ तुकडे जुळवून वरचा किल्ला परत उभा केला. माणूस काटेकोर, पण त्याला फक्त मध्ययुग हवं होतं. मधल्या पोलिश काळात झालेलं बांधकाम, जेझुइट पाद्र्यांची इमारत वगैरे, त्यानं काढून टाकलं. शिवाय कैसर दुसऱ्या विल्हेल्मला हा किल्ला म्हणजे जर्मन पराक्रमाचा स्टेज हवा होता, १९०२ मध्ये इथं झगेबिगे घालून मोठा समारंभ झाला. पुढं नाझींनी पण तोच वारसा चालवला.

मग १९४५. जानेवारीच्या शेवटी रशियन सैन्य आलं, जर्मन फौज आत दबा धरून मार्चपर्यंत लढली. पूर्वेची बाजू, चर्च, मुख्य मनोरा, सगळं गेलं. किल्ल्याचा निम्म्याहून जास्त भाग उद्ध्वस्त. जुनं गाव तर पूर्णच गेलं, त्याच्या ढिगाऱ्यातल्या विटा वॉर्सॉ उभारायला नेल्या आणि त्या जागी साठच्या दशकात साध्या सिमेंटच्या चाळी उभ्या राहिल्या. त्या किल्ल्याच्या अगदी शेजारी दिसतात, लोक नाकं मुरडतात पण तोही इतिहासच.

आता किल्ला आला पोलंडकडे, आणि तो कोणाचा? ज्यांनी यांच्यावर राज्य केलं त्यांचा. ढिगारा तसाच ठेवायचा की बांधायचा यावर वाद झाला, १९५९ ला मधल्या किल्ल्याला आग लागली, आणि मग लोकच पुढं आले. १ जानेवारी १९६१ ला म्युझियम सुरू झालं आणि तेव्हापासून बांधणं चालूच आहे. चर्चचं आतलं कमानदार छत परत पुरं झालं ते २०१६ मध्ये. शत्रूचा किल्ला इतक्या मायेनं बांधणारे लोक मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

तर ओरिजिनल? चौदाव्या शतकातलं आहे, श्टाइनब्रेश्टचं आहे, पोलिश गवंड्यांचं पण आहे. सगळं एकाच भिंतीत.

जुनी वीट आणि नवी वीट कशी ओळखायची?

वरच्या किल्ल्याच्या पूर्वेकडच्या अंगाला, चर्चच्या बाहेरून उभे राहा. खाली वीट डागाळलेली, कडा झिजलेल्या, कुठं लालसर कुठं जांभळट कुठं काळी, सांधे वेडेवाकडे. मग एक तुटक रेघ, पायऱ्यापायऱ्यांनी वर जाणारी, आणि तिच्यावर वीट एकदम एकसारखी आणि तजेलदार. ती रेघ म्हणजे १९४५. माझ्या भाचीला मी म्हटलं बोट फिरव, तर तिनं खालच्या विटेतला एक खळगा दाखवला, अंगठा नेमका बसेल एवढा. गोळीचा की पावसाचा, आम्ही बराच वेळ भांडलो.

मधल्या किल्ल्याच्या चौकातले चार पुतळे कोणाचे?

चार ग्रँड मास्टर. एकोणिसाव्या शतकातल्या एका प्रशियन स्मारकाचे हे उरलेले भाग. त्यातला आल्ब्रेख्त बघून घ्या: त्यानं १५२५ मध्ये संन्यास सोडला, ल्युथरचा पंथ धरला, ऑर्डरचं राज्य स्वतःच्या खासगी डचीत बदललं आणि क्राकोवच्या चौकात पोलंडच्या राजापुढं गुडघे टेकून मुजरा केला. म्हणजे ऑर्डरच बुडवणारा माणूस ऑर्डरच्या मुख्यालयात मानानं उभा आहे. ऑर्डर तशी संपलेली नाही, व्हिएन्नामध्ये आहे, आता फक्त धर्माचं आणि दानधर्माचं काम.

युनेस्कोच्या यादीत आहे का?

आहे, १९९७ पासून. आणि तिथं फक्त जुनेपणाचा मान नाही, दुरुस्तीच्या दीडशे-दोनशे वर्षांच्या परंपरेचाही आहे.

आपल्याशी काही संबंध?

किल्ल्याचा नाही. पण १९४५ ला इथं तोफा चालू होत्या तेव्हा पाचेक हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरजवळ वळिवडे कॅम्पमध्ये राहत होते, १९४३ ते ४८. आमची आई कोल्हापूरची, तिनं हे आमच्या पोलिश शेजारीणबाईंना सांगितलं तेव्हापासून आमच्या दारात दर रविवारी केक येतो.

कसं जायचं, किती वेळ, काय खायचं?

ग्दान्स्कहून ट्रेन, फास्ट असेल तर अर्धा-पाऊण तास. माल्बोर्कला जाताना उजव्या बाजूच्या खिडकीला बसा, नदीवरच्या पुलावर पूर्ण किल्ला दिसतो, मोबाइल आधीच काढून ठेवा. स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं चालत.

आत कमीत कमी तीन-चार तास. ऑडिओ गाइड इंग्लिशमध्ये मिळतो, घ्याच. तिकीट आणि वेळा सीझनप्रमाणे बदलतात, ऑनलाइन बघून निघा. पायऱ्या भरपूर आणि उंच आणि गोल, गुडघेदुखीवाल्यांनी मनोऱ्याचा नाद सोडावा. जुलैमध्ये वेढ्याचा प्रयोग होतो, घोडे, चिलखतं, दारूगोळ्याचे आवाज, मुलांना आवडतो, गर्दी मात्र जत्रेची.

व्हेज लोकांनी 'पिएरोगी रुस्किए' मागावं, बटाटा आणि पनीरसारखं चीज भरलेले उकडीचे करंजीवजा प्रकार. वर तळलेलं डुकराचं मांस भुरभुरून देतात, ते नको म्हणून आधी सांगा. मी एकदा सांगायला विसरलो आणि काकू अख्खा दिवस केळ्यावर राहिल्या.

फोटो कुठून चांगला येतो?

पायी जायच्या पुलावरून नदी ओलांडून पलीकडे जा. किल्ल्याची नदीकडची बाजू पश्चिमेला आहे त्यामुळे दुपारनंतर ऊन सरळ विटांवर पडतं, आणि संध्याकाळी तर भिंत आतून पेटल्यासारखी लाल दिसते. सगळे फोटो तिथलेच.

फक्त एक गोष्ट तिथून दिसत नाही. चर्चच्या पूर्वेच्या टोकाला, बाहेरच्या बाजूनं, आठ मीटर उंचीची मेरी आहे, रंगीत आणि सोनेरी काचांचे तुकडे जडवलेली. मूळची चौदाव्या शतकातली, १९४५ मध्ये फुटली, सत्तर वर्षं तो कोनाडा मोकळाच होता आणि २०१६ ला परत उभी केली. ती उगवतीकडे तोंड करून आहे, म्हणून तिच्या फोटोसाठी सकाळी जावं लागतं. नुसती बघायची तर परतताना स्टेशनकडे जायच्या आधी थोडं वळून त्या बाजूला जा. तोवर बहुतेक सगळे ट्रेनच्या घाईत असतात आणि तिच्यासमोर कोणी नसतं.